थोरलीची वाट

उचगावच्या स्नेहलला गेल्या खेपेला शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत आठ, दहा अन् बारा या तीन आकड्यांनी आडवं पाडलं होतं. आज फेरपरीक्षा. आज पडली, तर बरोबरच्या पोरी पुढच्या वर्गात अन् ही मागं.

पण केएमटीच्या बसमधून उतरली ती मान ताठ ठेवूनच. आई, बनाबाई, ओव्या रचायची. तिच्याच चालीवर स्नेहलनं अख्खं श्वासपटल बांधून घेतलं होतं.

परीक्षक इरावती मॅडमनी ट्रे पुढं सरकवला. छाती अन् पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा, तेच श्वासपटल; त्याला तीन वाटा. "सांग, कुठून काय जातं?"

स्नेहलचे ओठ हलले.

"पुटपुटू नकोस. मोठ्यानं."

"ओवी हाय मॅडम."

"मग म्हण की!"

"आठव्या मणक्याशी, दार शिरेचं गं निळं,
श्वास घेता रुंद व्हई, रक्त काळजाला मिळं.
दहाव्या मणक्याशी, दार घासाचं गं आलं,
श्वास घेता स्नायूनं, त्येला मुठीत धरलं.
बाराव्या मणक्याशी, महाधमनी थोरली,
पडद्याच्या मधोमध, तिनं चौकट कोरली."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "पडदा श्वासागणिक आवळतो. मग तुझ्या थोरलीचा गळा दर श्वासाला दाबला जात असेल, नाही?"

ओवीत घरातल्या थोरलीला मानाचं पुढचं दार द्यायचं, ही आईची रीत. त्या नादात स्नेहलनं धमनीलाही पुढचं दार देऊन टाकलं होतं. हातमोज्यातलं बोट तिनं महाधमनीवरून खाली नेलं. बोट पडद्यात शिरलंच नाही. पडदा अन् पाठीचा कणा यांच्या सांदीतून अलगद उतरलं. तिला हसूच आलं.

"चुकलं मॅडम. थोरली दारातनं जातच न्हाय, परसातनं जाती. पडद्याच्या मागनं, कण्याला धरून. म्हणून श्वास घेताना तिला कुणी दाबत न्हाय." अन् न थांबता तिनं ओळ फिरवली:

"बाराव्या मणक्याशी, महाधमनी थोरली,
पडद्याच्या मागं तिनं, वाट कण्याची धरली."

मॅडमनी चष्मा कपाळावर सारला. "आईला सांग, थोरलीचा मान काही गेला नाही. अन् गेल्या वेळी इथंच अडली होतीस, आज सुटलीस." त्यांनी ट्रे बाजूला केला. "मूत्रपिंडावर पण आहे का ओवी?"

"न्हाय मॅडम," स्नेहल म्हणाली, "ते तसंच येतंय. विचारा की!"