सुगेंगचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुना इंकजेट प्रिंटर आहे. जावा बेटावरच्या केदिरीत, लस्त्रीच्या शिवणयंत्राशेजारी, बाटिकच्या फडक्याखाली पडून असतो. मला कोणी टाकून देत नाही आणि कोणी सुरूही करत नाही.

मी विकायला होतो त्या दुकानात माझ्या शेजारी एक लेझर प्रिंटर होता, जाडजूड आणि घुम्या. लस्त्रीच्या नवऱ्याला, सुगेंगला, तोच हवा होता.

"अगं, त्याची भुकटी कागदावर भाजून चिकटते. पाणी सांडलं तरी अक्षर जात नाही. आणि महिनोन्‌महिने बंद ठेवला तरी सुकायला आत शाईच नाही."

"पण नुसतंच काळं ना, मास?" लस्त्री म्हणाली. ती नवऱ्याला 'मास' म्हणायची. "का आत्तापासून मयताची पत्रकं छापायचीत?"

तो हसला आणि मला घरी घेऊन आला. बायकोपुढे कोणाचं चाललंय?

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग शाई महाग पडते म्हणून माझ्यावर फडकं पडलं. न वापरता ठेवलं की आमची बारीक तोंडं सुकतात, बुजतात. मी आतल्या आत सुकत होतो आणि वरून माझी धूळ तेवढी पुसली जात होती.

पुढे सुगेंगचं यकृत गेलं. चेहरा हिरवट-पिवळा पडला आणि तो गेला. त्याची आई सुमात्रात, थोरल्या मुलाकडे. ती बोटीने पोचेपर्यंत दफन उरकलं होतं; शेवटचा चेहरा तिला फोनवरच दाखवला. लेकाच्या शेवटच्या आंघोळीला आपला हात लागला नाही, हेच ती धरून बसली.

चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे गेलेल्यासाठी कुराणातला यासीन हा अध्याय वाचतात. त्याच्या पुस्तिकेवर गेलेल्याचा फोटो असतो. लस्त्रीने सगळ्यांसाठी दुकानातून लेझरवर काढलेल्या काळ्या प्रती आणल्या, पण सासूसाठी एक रंगीत प्रत माझ्याकडून काढली. अर्धवट बुजलेल्या तोंडांतून मी जीव तोडून शाई ओतली. लग्नातला तांबूस, हसरा सुगेंग उतरला.

"फोनवर दाखवलात तो माझा नव्हे," म्हातारीने पुस्तिका छातीशी धरली. "हा माझा."

वाचताना मधोमध पाण्याची भांडी उघडी ठेवतात, दुआ पाण्यात उतरावी म्हणून. शेवटी सगळ्यांनी ते पाणी प्यायलं. म्हातारीही प्यायली, ओला हात तोंडावरून फिरवला आणि लेकाच्या फोटोचे मुके घेत सुटली. तोंड वर केलं तेव्हा ओठ जांभळे झाले होते आणि कागदावर नुसता डाग होता.

ती रडली नाही. बोटांकडे बघत म्हणाली, "आंघोळ राहिली होती ना. घातली बघ."

"आई, थांबा, दुसरा काढते." लस्त्रीने धावत येऊन बटण दाबलं. पण माझं लाल तोंड आता पुरतं बुजलं होतं. निघाला तो हिरवट चेहरा, अगदी शेवटच्या दिवसाचा.

"हा फोनवरचा," म्हातारी म्हणाली आणि कागद पालथा ठेवला.

पाणी त्या काळ्या प्रतींवरही सांडलं होतं. त्यांवर सुगेंग जसाच्या तसा होता. सकाळच्या बोटीला जाताना तिने त्यातलीच एक पदरात बांधली.

मित्रांनो, प्रिंटर घेताना रंग बघा, किंमत बघा, पण कागद कोणाच्या ओल्या हातात जाणार आहे, तेही बघा. आणि माझ्यासारखा घेतलात, तर आठवड्याला एक तरी पान छापा. नुसती धूळ पुसून आम्ही जगत नाही.

तो डागाचा कागद माझ्यावरच ठेवलाय. लस्त्री कधीकधी फडकं उचलते. "मास, तुमचं ऐकायला हवं होतं," म्हणते आणि फडकं पुन्हा नीट पसरून ठेवते.