चेहरा नसलेला टाक

मित्रांनो, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा छोटासा पत्रा तुम्ही कधी पाहिला आहे का? त्यावर डोईवरून पदर घेतलेल्या बाईचे चित्र उठवलेले असते. त्याला सवतीचा टाक म्हणतात. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नाहीतर पहिलीचा जीव घरात घुटमळत राहतो, असे जुनी माणसे सांगत. मीही तसाच एक जुना टाक आहे. फरक एवढाच, की मला चेहरा नाही.

जन्मलो तेव्हा होता. नागपूरच्या इतवारीत नत्थूजी सोनारांचे दुकान होते. एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी चांदीचा पत्रा ठशावर ठेवला, वरून हातोडी मारली, आणि मी तयार झालो. त्याच ठशातून त्यांनी आजवर किती सवती काढल्या असतील, कोण जाणे! कोणी गोरी असेल, कोणी सावळी, कोणी चपट्या नाकाची. टाकात आल्या की सगळ्या सारख्याच दिसत. मला त्याचे काही वाटले नाही. मी नवाकोरा होतो आणि स्वतःच्या चकाकीवर खूश होतो.

मला चंपतरावांनी विकत नेले. त्यांचा भिवापुरी मिरचीचा व्यापार होता. त्यांची बायको गोपिका तापाने गेली होती आणि मागे सहा वर्षांची जया राहिली होती. आता मौद्याची प्रेमिला नवी नवरी होऊन घरात आली होती. चंपतरावांच्या आईने, प्रयागबाईने, मला प्रेमिलेच्या गळ्यात बांधले आणि बजावले, "खाशील ते, नेसशील ते, आधी इले दाखवत जाजो. ते मोठी, तू धाकटी."

प्रेमिलेने मान हलवली. तेव्हापासून नवे लुगडे आधी मला लागे, मग तिच्या अंगाला. सणाचे ताट आधी माझ्यापुढे येई, मग तिच्यापुढे. त्या घरात तिची हौस माझ्या मागे रांगेत उभी असे.

जयाने मात्र मला एकदाच निरखून पाहिले. मग तोंड फिरवून म्हणाली, "हे माही आई नाही."

पोर खरेच बोलली होती. पण त्या दिवसापासून तिने प्रेमिलेच्या हातचे खाणे सोडले. केसांना फणी लावू देईना. आजीने दटावले की दोन घास गिळायची आणि अंगणात जाऊन ओकायची. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली. "गोपिका बोलावून राहिली तिले," असे प्रयागबाई शेजारणींना सांगे, आणि ते ऐकून प्रेमिलेच्या छातीत धडधड होई. मी त्याच छातीवर होतो, म्हणून मला ठाऊक. तिला एकच ध्यास लागला होता, की ही पोर वाचली पाहिजे.

ती मला घेऊन इतवारीत गेली.

"काका, याच्यात पोरीले तिची आई दिसत नाही," ती म्हणाली.

"बाई, टाकात कोणाची आई दिसते? ठसाच एक आहे!" नत्थूजी हसले.

"मंग तिच्या आईचं काही तरी याच्यात बसवून द्या."

दुसऱ्या सोनाराने तिला हाकलून दिले असते. पण नत्थूजींना न जुळणाऱ्या वस्तू जुळवायची भारी खोड होती. नारळाच्या करवंटीला चांदीची कड लावून बघ, तांब्याच्या तारेत सुती दोरा पिळून बघ, पोकळ कड्यात रंगीत लाख भरून बघ. सगळा सराफा त्यांना चिडवायचा, "नत्थूजी सोनार नाही गा, चिवडेवाला होय!" गिऱ्हाईक प्रयोगाला पैसे देत नाही, पण ही बाई आपण होऊन प्रयोग मागत होती. त्यांचे डोळे लकाकले. "आईचं काय आहे, ते घेऊन ये," ते म्हणाले.

गोपिकेचे लुगडे-चोळी प्रयागबाईने केव्हाच वाटून टाकले होते. पण जया आईची काहीतरी आठवण एका काडेपेटीत घालून ती उशाला घेऊन झोपते, हे प्रेमिलेने पाहिले होते. तिने काडेपेटी हिसकावली नाही. पोरीसमोर बसली आणि आपण काय करणार आहोत ते सांगितले. जयाने ऐकून घेतले. मग पाठ फिरवून कुठे कुठे खुडबुडली आणि हिरव्या बांगडीचा एक तुकडा प्रेमिलेच्या तळहातावर ठेवला.

नत्थूजींनी तो तुकडा बाजूला जपून ठेवला आणि आधी आपल्या बायकोच्या जुन्या बांगड्यांवर हात बसवून पाहिला. सांधा जोडायच्या झाळणीच्या आचेने काच टचकन तडकली. राळेत बसवली तर रंग मळका झाला. "अवं बाई, हे माह्या सगळ्या बांगड्या वाढवून टाकतात!" असे त्यांची बायको आतून ओरडली. शेवटी त्यांनी काच आणि चांदी एकाच कोमट राखेत हळूहळू तापवली, काचेखाली तांब्याचा पातळ पत्रा दिला, मागून मऊ लाख दाबली आणि कडेने चांदीची तार वळवून घेतली. काच टिकली. एवढेच नव्हे, तर खालच्या तांब्यामुळे तिच्यात उजेड आला.

मग माझी पाळी आली. काचेला जागा हवी होती. नत्थूजींनी बारीक करवत घेतली आणि माझा चेहरा कापून काढला.

मित्रांनो, त्याचे दुःख मला आजही आहे. डोईवरचा पदर राहिला, खांदे राहिले, आणि मधे नाक-डोळ्यांच्या जागी नुसता हिरवा उजेड. नत्थूजींनी मला उलटसुलट करून पाहिले.

घरी मला पाहून प्रयागबाई किंचाळलीच. "तोंड काढलं वं हिचं! आता ते कोणाच्या तोंडानं बोलंल?" दुपारी खिडकीतून ऊन आले, की माझ्यावरून उजेड परतून एक हिरवा डाग भिंतीवर पडे आणि प्रेमिलेच्या श्वासाबरोबर वरखाली हाले. तो दिसला की प्रयागबाई डोईवर पदर घेऊन खोलीबाहेर जाई. चंपतरावही त्या भिंतीकडे बघत नसत.

जया मात्र येऊ लागली. आधी दारापर्यंत, मग खाटेपर्यंत, मग अगदी मांडीपाशी. प्रेमिलेला वाटले, आईच्या ओढीने येते. एकदा फणी करता करता प्रेमिलेचा बसल्या जागी डोळा लागला. तेव्हा जयाने तोंड माझ्याजवळ आणले आणि हळूच सांगितले, "हे माह्या आईचं नाही. हे इच्याच बांगडीचं आहे. मी इचा हात झटकला होता, तवा फुटली होती."

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ना, तसे होते ते. चोरी उघडी पडली का, हे बघायला पोर रोज जवळ येत होती. पण रोज जवळ आले, की माणूस हळूहळू जवळचे होतेच. तिने फणी लावू दिली, घास घेतला, अंगाने भरली. पहिल्यांदा "आई" म्हणाली, तेव्हा प्रेमिलेने मला मुठीत धरून कपाळाला लावले आणि म्हणाली, "गोपिकाबाई, तुमचे उपकार."

मी काय करणार? मला तोंड नव्हते.

पुढची सारी वर्षे अशीच गेली. भाजी खारट झाली, सांगायची गोपिकाबाईला. नवरा बोलला, सासू बोलली, सांगायचे गोपिकाबाईला. स्वतःला मूल झाले नाही, तेही एका दुपारी दार लावून तिने मलाच सांगितले आणि पोटभर रडली. कधी कधी चुलीशी ती एकदम मान वळवी आणि "ओ" देई. हाक मला ऐकू आलेली नसे. माझ्यात कोणी नाही, हे ठाऊक असलेला त्या घरात जयाखेरीज मी एकटाच. तरी इतकी वर्षे कोणी रोज एकाच नावाने बोलत राहिले, की आपण खरेच रिकामे आहोत का, अशी शंका टाकालाही येते.

प्रयागबाई वारली. जयाचे लग्न धरमपेठेत ठरले. पाठवणीच्या दिवशी प्रेमिलेने तिला आतल्या खोलीत नेले आणि गळ्यातून मला काढले.

"घे. तुह्या आईले आता तू घेऊन जाय. मी जमलं तशी सांभाळली. काही चुकलं असंल तं माफ कर म्हणा."

जयाने हात पुढे केला नाही. "आई, हा टाक तुहाच आहे."

"माहा कसा? मी नुसती घालत होती."

"ही काच तुह्या बांगडीची आहे वं. आईचा तुकडा मी दिलाच नाही. मले वाटलं, सोनार जाळून टाकंल. आणि तुले द्यावासाही वाटला नाही तवा."

बाहेर सनई वाजत होती. प्रेमिला खाटेवर बसली.

"मंग मी इतकी वर्षं कोणाच्या पाया पडली?"

"तुह्याच," जया म्हणाली.

मला वाटले, आता प्रेमिला हसेल, नाहीतर पोरीला एक ठेवून देईल. तिने दोन्ही केले नाही. घरात कोणी वारल्यावर बाया रडतात, तशी ती रडली. "मले वाटे, या घरात माहं आयकणारी एक तरी बाई आहे. पोट्टे, तू माही बहीण नेली वं!"

जया तिच्या गळ्यात पडली. तिने खरा तुकडा असलेली काडेपेटी पुढे केली, पण प्रेमिलेने ती तिच्याच मुठीत बंद केली. "हे तुहं आहे. तू ने."

वऱ्हाड गेले. मी कोनाड्यात पडून राहिलो. आता मला मोडीत घातले असते, तरी कोणी विचारले नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिलेने ताट वाढून घेतले. मला दाखवले नाही. गरम गरम, आपल्या मनाने, सगळे जेवली. मग हात धुऊन उठली, कोनाड्याशी आली, मला गळ्यात बांधले आणि मुठीत धरले.

"गोपिकाबाई, पोट्टी नीट पोचली वं."

काच कोणाची, ते तिला ठाऊक होते. मलाही होते. तरीही, मित्रांनो, त्या दुपारी माझ्या आत कोणीतरी ऐकायला वळले, असे मला वाटले. कोण, ते मी सांगू शकत नाही.

आता मी काळा पडलो आहे आणि माझी लाख एका बाजूने सुटली आहे. उजळवायला म्हणून मला चिंचेने घासू नका, काच निघून येईल. आणि कुणा बाईच्या गळ्यात असा टाक दिसला, तर हा कोणाचा, असे लगेच विचारू नका. आधी तिचे स्वतःचे नाव विचारा. ते विचारायला तिच्याकडे सहसा कोणी आलेले नसते.