पडद्यावरचा आधार

“पडदा हलेल, आधार गळेल, मंगळवार काही टळणार नाही!” किती वर्षं झाली, पडदेबुवांचा तो खर्जातला आवाज अजून कानात घुमतो.

वहिनीच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर बुवा भविष्य वाचत. ब्राउझर कधी कात टाकेल, चिन्हं कधी जागा बदलतील, सगळं तारखेनिशी सांगत. आणि ते घडे! त्या मंगळवारी तर कहरच झाला. बुवांनी महिनाभर आधी सांगितलेली अक्षरं पडद्यावर उमटली: ‘आपला आधार आज संपला आहे.’

वहिनी दादाकडे धावली. तिचा आधार, माझा दादा, खुर्चीत धापा टाकत होता. गुरुवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं.

“सुरी लावलीत की गेलाच म्हणून समजा,” बुवा डोळे मिटून म्हणाले. “यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र कुठे बोलतंय? तुम्हीच बोलताय!” मी शाळेत संगणक शिकवते, गप्प बसणं जमत नाही. मी पडद्याची भाषा बदलून इंग्रजी केली आणि मोठ्यानं वाचलं. “आधार म्हणजे सपोर्ट! या संगणकातली जुनी सिस्टिम आता कंपनी दुरुस्त करणार नाही, एवढंच.”

“अगं बाई, सपोर्ट होय!” मागून शिंपीणकाकू ओरडल्या. “माझ्या मोबाइलचा तर कधीच संपलाय. नवरा ठणठणीत आहे मेला!”

हशा पिकला. मी कंपन्यांचं वेळापत्रक उघडलं. सपोर्ट संपायची तारीख काही वर्षं आधीच जाहीर झालेली, ब्राउझरच्या नव्या आवृत्त्यांच्याही तारखा तिथेच. बुवांचे सगळे साक्षात्कार ओळीनं छापलेले!

“पण कंपनीला त्या तारखा सुचवल्या कोणी?” बुवांनी शेवटचा बाण सोडला आणि चपला शोधू लागले.

“वहिनी, दादाची छाती डॉक्टरांनी तपासलीय,” मी म्हटलं. “शंका असेल तर त्यांना विचार, हजारदा विचार. पण उत्तर तपासून घ्यायला शीक.”

“मी काय ठरवू?” वहिनीनं दादाकडे बोट दाखवलं. “हे तर महिनाभर मला एकच म्हणतात, ‘तू म्हणशील तसं.’”

दादानं तिचा हात धरला.

“तू घाबरली होतीस, म्हणून बोललो नाही. मला जगायचंय गं. गुरुवारी जाऊ या.”