चाकातली टकटक

आप्पारावांना गाडीत गाणी मोठ्यानं लागायची. त्यामुळं मांजरसुंब्याच्या अलीकडं सुनेनं हात लांबवून गाणं बंद केलं, तशा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कावून बंद केलं गं?"

"मामा, जरा ऐका. कायतरी टकटकतंय."

आप्पारावांनी कान दिला. इंजिनाची घरघर ऐकू आली, मागं बसलेल्या बायकोच्या, केसरबाईंच्या, बांगड्या ऐकू आल्या. बाकी काही नाही.

पाटोद्याच्या बाजूच्या त्यांच्या गावातनं ते सकाळी उमापूरला निघाले होते, पुतणीच्या साखरपुड्याला. एरवी ही गाडी त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलीच नसती. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. ड्रायव्हर बजरंग बायकोला घेऊन ऊसतोडीला गेलेला. पोरगा रविराज आदल्या दिवशीच उमापुरात पोचलेला. राहिली सून, प्रियदर्शनी. तिच्याकडं लायसन होतं, म्हणून आप्पाराव नाइलाजानं शेजारच्या सीटवर बसले होते आणि निघाल्यापासून तिला गिअर कधी टाकायचा ते सांगत होते.

प्रियदर्शनीनं काच खाली केली. रस्ता मोकळा बघून गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज खाली बसला, टकटक मात्र तशीच राहिली. आता ती आप्पारावांनाही ऐकू आली.

"इंजिनाचं न्हाई," ती म्हणाली. "त्याचं असतं तर त्याच्यासंगं बसलं असतं." मग तिनं हलकेच ब्रेक दाबला. "ब्रेकचंबी न्हाई. ते असतं तर चिरकलं असतं. हे गाडी हळू झाली की हळू होतंय. म्हंजी चाकाचं हाय."

तिनं गाडी कडेला घेतली, खाली उतरून चारी चाकं बघितली आणि पुढच्या टायरच्या खाचेतनं चांगला सुपारीएवढा खडा उकरून काढला. आप्पारावांना मनातनं बरं वाटलं.

"बघ! खडा! एवढ्यासाठी आमाला उन्हात बसवलंस. चल, मुहूर्त हुकंल."

तीही हसली आणि गाडी पुढं काढली. पण घाटाच्या तोंडाशी, चहाच्या टपऱ्या लागतात तिथं, तिनं कुणाला न विचारता गाडी पुन्हा थांबवली.

"आता काय राहिलं?" आप्पाराव कडाडले. "मुहूर्त काय आपल्यासाठी थांबणार हाय का?"

"अहो, तिला ऐकू तर द्या," मागनं केसरबाई म्हणाल्या.

"मामा, मघाशी माझंच चुकलं," प्रियदर्शनी म्हणाली. "खडा दिसला अन् मी ऐकायचं सोडून दिलं. टकटक तशीच हाय. डावीकडं वळलं की जास्त येती. डावीकडं वळताना गाडीचा भार उजव्या अंगाला जातो. अन् आता स्टिअरिंगबी हाताला थरथरतंय. उजवं पुढचं चाक हाय, मामा. हे बघितल्याबिगर मी घाट उतरणार न्हाई."

जरीच्या साडीचा पदर खोचून ती चाकाशी बसली. चाकावरची प्लॅस्टिकची टोपी तिनं हिसका देऊन काढली, आणि आतनं दोन नट घरंगळत डांबरावर आले. उरलेले तिनं बोटांनी फिरवले. फिरले.

आप्पाराव खाली उतरून चाकाशी आले. ते चाक काल त्यांनीच बदललं होतं. शेतापर्यंतच म्हणून स्वतः गाडी काढली, वाटेवर पंक्चर झालं, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलेलं असताना ते हट्टानं वाकले. जॅक काढल्यावर नट पुन्हा कचकून आवळायचे असतात, हे त्यांना तरुणपणापासून ठाऊक. पण डोळ्यावर ताण आला, म्हणून तसेच उठले. समोर घाट वळणं घेत खाली उतरत होता आणि पार तळाला पालीच्या धरणाचं पाणी चमकत होतं.

"ते चाक म्या बसवलंय," ते हळूच म्हणाले.

"माहीत हाय, मामा. जॅक द्या तेवढा."

तिनं चाक उचलून सरळ बसवलं, नट समोरासमोरचे धरून आवळले, गाडी खाली घेतली आणि पान्यावर उभी राहून सगळं वजन टाकलं. आप्पाराव बघत राहिले. लग्न होऊन आल्यापासून ही पोरगी त्यांच्या घरात वावरत होती. तिच्या हातची भाकरी त्यांना माहीत होती, हे काहीच माहीत नव्हतं.

"कुठं शिकलीस गं हे?"

"आमच्या दादांचं मळणीयंत्र होतं. हंगामात गावोगाव फिरायचं. पट्टा घसरायला लागला की येगळा आवाज, ओली कणसं अडकली की येगळा. ते पोती भरायचे अन् मला कान देऊन बसवायचे. गाडीचं नंतर रस्त्यावरच कळत गेलं."

घाट ती सावकाश उतरली. बीडला गॅरेजवर चाक दाखवलं, मेकॅनिकनं सगळं ठीक म्हटल्यावरच पुढं निघाली. उमापुरात पोचेपर्यंत साखरपुडा उरकून पंगत बसली होती. रविराज धावत आला. "एवढा उशीर?"

"चाकात खडा अडकलता," प्रियदर्शनी म्हणाली आणि सासूचा हात धरून मांडवात निघाली.

"खडा न्हाई!" आप्पारावांचा आवाज पंगतीच्या टोकापर्यंत गेला. "नट ढिले होते. अन् ते या आप्पारावानं ढिले ठिवले होते. हिनं ऐकलं, म्हणून आमी आज तुमच्या पंगतीला हाव."

मग त्यांनी पाव्हण्यांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इंजिनाचा आवाज कसा खाली बसतो, ब्रेक कसा चिरकतो, चाक कसं टकटकतं, तोंडानं आवाज काढून काढून. प्रियदर्शनी लाजून केसरबाईंच्या आड झाली. नवरीचे मामा धोंडीराम पुढं झाले.

"आप्पाराव, अंगणातला आमचा ट्रॅक्टरबी चार दिवस झाले कण्हतोय बघा. सूनबाई बघतील का?"

"मला काय इचारता? तिला इचारा."

प्रियदर्शनीनं हातातलं ताट खाली ठेवलं. "चालू करा," ती म्हणाली.

अर्धी पंगत तिच्यामागं अंगणात आली. धोंडीरामांनी ट्रॅक्टर चालू केला. लोक बोलतच होते. आप्पारावांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्यांना गप्प केलं.