कुरणातला शेवटचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. जरा जवळ या, कारण आज मला हळू बोलायचं आहे आणि ते मला मेलं जमतच नाही. आयुष्यभर माझ्याशेजारी उभं राहून जो तो ओरडूनच बोलला. मग मला तरी हळू बोलायची सवय कुठून लागणार? आता माझे टायर बसलेत, दिवे फुटलेत, आणि कुरणाच्या बांधालगत गुडघाभर गवतात मी सात वर्षं उभा आहे. पण रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एक कबुली द्यायची आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग लालभडक होता. मालकांनी मला फाटकातून आत आणलं, तेव्हा मालकीणबाई कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, केवढा हा आवाज! गाई आटतील ना!" गाई काही आटल्या नाहीत. उलट माझ्यामागे गवत कापायचं यंत्र जोडलं, आणि चार माणसं आठवडाभर करायची ते काम मी दोन दिवसांत उरकू लागलो. येणारा जाणारा माझ्या बॉनेटवर थाप मारायचा. मीही हुरळून गेलो होतो, खोटं कशाला सांगू?

मालकांचा जीव दोन गोष्टींत होता. एक मी, आणि दुसरे कुरणातले तितर. त्यांनी आपल्या रानात शिकार बंद केली, फाटकावर पाटी लावली. बंदूक घेऊन कोणी पाहुणे आलेच, तर चहा पाजून त्यांना वाटेला लावायचे. थंडीत स्वतः बांधावर धान्य टाकायचे. दरवर्षी हिवाळा सरला की पाखरं मोजणाऱ्या एक बाई वही घेऊन येत, सकाळी बांधावर बसून तितरांची साद ऐकत आणि किती जोड्या आहेत ते सांगत. पहिल्या वर्षी चौदा भरल्या. मालकांनी महिनाभर भेटेल त्याला चौदाचा आकडा ऐकवला.

मग अकरा झाल्या. मग सात. मग चार.

"कोल्हा! दुसरं कोण?" मालक म्हणाले. त्यांनी कोल्ह्याची बिळं बुजवली, मोकाट कुत्री हाकलली, घरच्या मांजरीच्या गळ्यात घंटी बांधली. बिचारी मांजर! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! कारण चोर मला ठाऊक होता, मित्रांनो. चोर मी होतो.

आम्ही कापणी कडेनं सुरू करायचो. बांधालगत पहिली फेरी, तिच्या आत दुसरी, मग तिसरी. सगळे तसंच करतात. पण माझ्या आवाजाला भिऊन पाखरं उभ्या गवतात आत सरकायची. पुढची फेरी आली की आणखी आत. शेवटी मधोमध एक अरुंद पट्टा उरायचा आणि सगळी त्यात दाटून बसलेली असायची. आम्ही तो पट्टाही कापायचो. नंतर पिसं दिसली की मालक हळहळायचे, "बघा, साधला कोल्ह्यानं डाव." मी काय बोलणार? मला नुसतं धडधडता येत होतं.

ज्या वर्षी दोनच जोड्या उरल्या, त्या वर्षी पाखरं मोजणाऱ्या बाई कापणीच्या दिवशीही आल्या. शेवटचा पट्टा राहिला तशा हात वर करून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मालकांनी मला बंद केलं.

"दादा, या पट्ट्यातून एकदा चालून या."

"तीस वर्षं कापतोय मी हे कुरण. मला शिकवू नका!"

जेवण घेऊन आलेली सूनबाई डबा बांधावर ठेवून पट्ट्यात शिरली. दहा पावलांवर थबकून खाली बसली. "मामंजी, इकडे या. पाय जपून टाका."

गवतात तितराची मादी बसली होती, अगदी हाताच्या अंतरावर.

"उडत का नाही ही?" मालकांनी विचारलं.

"अंडी सोडून कशी उडेल?" बाई म्हणाल्या. "आणि पिल्लं असती, तर त्यांना तरी पंख कुठे असतात?"

मालक परत आले आणि माझ्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. "म्हणजे इतकी वर्षं मीच..." एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तो पट्टा तसाच ठेवला. पुढच्या वर्षापासून आम्ही सरळ कुरणाच्या मधोमध जायचो आणि तिथून सावकाश बाहेरबाहेर फेऱ्या घ्यायचो, म्हणजे पाखरांना बांधाकडे पळायला वाट राहायची. माझं स्टिअरिंग आधीच जड, त्यात या उलट्या फेऱ्या! पण पहिल्याच दिवशी एक मादी पिल्लं घेऊन समोरून तुरुतुरु पळाली, आणि मालकांनी असा ब्रेक दाबला की त्यांची टोपी उडाली. "सात आहेत गं, सूनबाई! सात!" एवढं ओरडले की माझ्या आवाजातही ते मला ऐकू आलं. चौदा जोड्या काही परत झाल्या नाहीत. यंदा आठ भरल्या.

माझं इंजिन मात्र बसलं आणि मी या बांधाशी आलो. नवा ट्रॅक्टर आला. मग माझ्याकडे कोण फिरकतंय!

आज सकाळी भंगारवाला साखळी घेऊन आला. मालक काठी टेकत आले, वाकले, माझ्याखाली बघितलं आणि म्हणाले, "आज नाही."

"अहो आजोबा, ठरलं होतं ना आपलं?" भंगारवाला ओरडला. "या गंजक्या डब्यात जीव अडकलाय का तुमचा?"

"खाली वाक आणि बघ."

तो वाकला. माझ्या पोटाखाली, गवतात, तितराची मादी अंड्यांवर बसली आहे. मग त्यानं साखळी आवाज न करता गोळा केली आणि अगदी हळू विचारलं, "किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे."

माझ्याशेजारी उभं राहून कोणी एवढं हळू बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मित्रांनो, तीन आठवड्यांनी मला खुशाल न्या आणि वितळवा. माझ्या लोखंडाचं हवं ते करा, पुन्हा गवत कापायचं यंत्र केलंत तरी चालेल. फक्त कापणी मधून सुरू करा आणि त्या जिवांना पळायला वाट ठेवा. बरं, आता मी गप्प बसतो. माझा आवाज मोठा आहे, आणि खाली ती बसली आहे.