चौथा कोपरा

राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेच्या सभागृहात सगळ्यात मऊ जागा कुठली, याचा शोध संघटनेच्या सरचिटणिसांनी लावला. ती जागा म्हणजे फ्लोअर एक्सरसाइजचा गालिचा. खाली स्प्रिंगा, वर फोम, त्यावर निळं कापड. बाकी सभागृहाची फरशी जागोजागी उखडलेली. तेव्हा प्रमुख पाहुण्यांचा सोफा ठेवायचा तर तो गालिच्यावरच, असा निर्णय झाला. निर्णय एकमताने झाला, कारण बैठकीला एकच मत हजर होतं.

त्याप्रमाणे गालिच्याच्या एका कोपऱ्यात मरून रंगाचा ऐसपैस सोफा आला, त्याच्यापुढे काचेचा टीपॉय आणि टीपॉयवर फुलदाणी. सोफ्याचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. ते पाहुण्यांच्या समोर काढायचं होतं, म्हणजे सोफा नवा आहे हे त्यांना कळलं असतं. उद्घाटन आटोपलं की लगेच उचलायचा, हेही ठरलं होतं. पण पाहुणे उद्घाटनाला आले नाहीत. उद्या येतो म्हणाले. उद्या ते परवा म्हणाले. पाहुणे कुठल्याही क्षणी येऊ शकतात म्हटल्यावर सोफा कुठल्याच क्षणी हलवता येईना. स्पर्धा मात्र सुरू करावी लागली, कारण खेळाडू वेळेवर येऊन बसले होते. खेळाडूंना ही वाईट खोड असते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गालिचा चौकोनी असतो. खेळाडू एका कोपऱ्यातून धावत सुटतो, हवेत कोलांट्या मारतो आणि समोरच्या कोपऱ्यात उतरतो. चौकोनाला कर्ण दोन, हे शाळेत शिकवतात. इथे एका कर्णाच्या टोकाला फुलदाणी होती.

पहिला फटका बसला धाकट्याला. तो आणि त्याची ताई दोघंही या स्पर्धेत होते, तो पुरुषांत, ती महिलांत. दोघांना शिकवणारा त्यांचा सख्खा मामा. आता अख्खं सभागृह त्याला मामाच म्हणायचं, सरचिटणीससुद्धा. पुरुषांच्या फ्लोअरला नियम असा की चारही कोपऱ्यांत जाऊन यायचं, नाहीतर तीन दशांश गुण कापले जातात. धाकट्याने तीन कोपरे व्यवस्थित गाठले. चौथ्याशी गेला आणि थंडगार पाण्यात उतरण्याआधी माणूस बोट बुडवून बघतो तसा एक पाय टीपॉयच्या दिशेने लांब करून परत आला. तीन दशांश गेले. धाकटा सातवा आला. संघात सहा जण घेतात.

मामा विचारायला गेला. मुख्य पंच या चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुस्तकात कोपरे चार लिहिले आहेत आणि सोफा लिहिलेला नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तिथे सोफा नाही.

"मग मी धडकलो असतो कशाला?" धाकट्याने नंतर विचारलं.

"गैरसमजाला," मामा म्हणाला.

आता ताईची पाळी होती. ताई चोवीस वर्षांची. इतर कुठेही या वयाला पोरसवदा म्हणतात; या खेळात मुली तिला वाकून वाट देत. तिचा गुडघा फाटला होता, शिवला होता, दोन वर्षं तिने तो पुन्हा माणसात आणला होता. संघटनेने स्पष्ट कळवलं होतं की यंदा पहिल्या सहांत आली तर संघात, नाहीतर पुढच्या वर्षापासून तिने प्रेक्षकांत बसावं, तिथे वयाची अट नाही. महिलांच्या चार साधनांपैकी तीन संपली तेव्हा ती आठवी होती. उरलं होतं फ्लोअर, तिचं हुकमी. त्यातली पहिलीच उडी म्हणजे हवेत दोन पूर्ण कोलांट्या. त्या उडीला कर्ण पुरा लागतो, आणि दुसऱ्या कर्णाच्या दोन्ही टोकांखालच्या स्प्रिंगा बसलेल्या असल्यामुळे तो साध्या उड्यांपुरताच होता. अर्ध्या धावेवर ती उडी मारली तर दुसरी कोलांटी हवेत पूर्ण होत नाही, जमिनीत होते.

कॅन्टीनच्या टेबलावर मामाने एक चौकोनी बिस्किट ठेवलं आणि एका कोपऱ्यावर साखरेचा दाणा ठेवला. तो सोफा. मग बिस्किट डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. दाणा बरोबर फिरत राहिला. धाकट्याने वैतागून तो कोपरा खाऊन टाकला, पण प्रश्न तसाच राहिला.

ताई म्हणाली की उलटं धावलं तर? सोफ्यापाशी उतरायचं नाही, सोफ्यापासून सुटायचं. निदान उतरायला तरी समोरचा कोपरा मोकळा मिळेल. धाव दीड पाऊल कमी पडणार होती, पण दीड पाऊल गुडघ्याकडून उसनं घेता येईल, असं तिचं म्हणणं. मामाला गुडघ्याचा भरवसा नव्हता. तरी तो परवानगी मागायला सरचिटणिसांकडे गेला, कारण या संघटनेत पडायलाही परवानगी लागायची.

सरचिटणिसांनी ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. "म्हणजे ही मुलगी पाहुण्यांना पाठ दाखवून पळत सुटणार. मामा, बरं दिसतं का ते?"

"साहेब, पाठ सुरुवातीला. मधे ती वळते. उड्या सगळ्या मागे मागे जातात. उतरते तेव्हा तोंड सोफ्याकडेच असतं."

"नक्की?"

"शरीराला दुसरा रस्ताच नाही."

"मग हसत उतरायला सांगा," सरचिटणीस म्हणाले. "आणि पाहुण्यांशी कुणी खेळाडूने बोलायचं नाही. मागे एकाने त्यांना नोकरीचं विचारलं होतं."

सोफा हलवावा का, हे मामाने विचारलं नाही. ते विचारून झालं होतं. त्या विषयावर उपसमिती नेमली गेली होती आणि उपसमितीला बसायला खुर्च्या मिळाल्या नव्हत्या.

ताईचं नाव पुकारायला आणि पाहुणे यायला एकच गाठ पडली. आधी हार, मग फोटो, मग प्लास्टिक काढण्याचा कार्यक्रम. प्लास्टिक निघता निघेना. शेवटी पाहुणेच म्हणाले, असू द्या, आणि बसले. सोफा फुसकन वाजला. ते चांगले भरभक्कम गृहस्थ होते. बसल्यावर त्यांनी पाय सुटसुटीत पसरले. बूट गालिच्याच्या रेषेच्या बरेच आत आले. मुख्य पंचांच्या दृष्टीने तिथे कुणीच नसल्यामुळे दंड झाला नाही.

ताई तिच्या जागी येऊन उभी राहिली. जागा म्हणजे टीपॉय आणि बूट यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिने टाच मागे नेऊन अंदाज घेतला. टाच चामड्याला लागली. दीड पाऊल कमी पडणार होतं, ते आता तीन झालं होतं. तीन पावलं उसनी द्यायला गुडघ्याकडे नव्हती. ते ती सरावात शिकली होती आणि एकदा दवाखान्यात.

हिरवा दिवा लागला. दिवा लागल्यावर अर्ध्या मिनिटात सुरुवात करावी लागते, नाहीतर पाळी गेली. मामाने पलीकडून मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ होता, सोपी उडी मार, जीव सांभाळ. सोपी उडी म्हणजे आठवा नंबर, हे त्यालाही माहीत होतं.

ताई मागे वळली.

"साहेब, जरा उठता का? मला धावायला जागा हवी आहे."

सभागृहात टाचणी पडली असती तरी सरचिटणिसांनी तिच्याकडे खुलासा मागितला असता. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गालिच्याशी जुळू लागला. पाहुण्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना पुढे एका पुलाचं उद्घाटन होतं, त्याच्यापुढे एका दुकानाचं, आणि इथून कसं निघावं या विवंचनेत ते आल्यापासून होते. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. ते सुटल्यासारखे उठले.

पाहुणे उठले म्हणजे कार्यक्रम संपला, एवढं सगळ्यांना पाठ होतं. पहिली रांग उभी राहिली. शाल घेऊन एक जण धावला, छत्री घेऊन दुसरा. पाऊस नव्हता, पण छत्री होती. सरचिटणिसांनी जाता जाता मुख्य पंचांनाही निरोपाच्या फोटोसाठी खूण केली. बाईंनी घड्याळावरून नजर उचलली नाही. त्या म्हणाल्या, दिवा लागला आहे.

तेवढ्यात धाकटा, मामा आणि पुरुषांच्या संघातले दोघं सोफ्याला भिडले. धाकट्याने लावलेला जोर पाहता तो त्या सोफ्याला ओळखत असावा. सोफा रेषेपलीकडे गेला, टीपॉय गेला, फुलदाणी कुणाच्या तरी काखेत गेली. गालिच्यावर पायांचे चार खड्डे राहिले, ते हळूहळू वर आले. ताई कोपऱ्यात गेली, अगदी रेषेला टाच लावून उभी राहिली. वेळ संपता संपता संगीत सुरू झालं.

ती धावली. अर्ध्या वाटेवर वळली, मागे झेपावली आणि वर गेली. मामा वर बघत नव्हता. तो फक्त तिचा गुडघा जिथे येणार त्या जागेकडे बघत होता. पहिली कोलांटी झाली, दुसरी झाली, आणि दोन्ही पाय एकदम गालिच्यावर आले आणि तिथेच राहिले. एक बोटभरही सरकले नाहीत. तिचं तोंड रिकाम्या कोपऱ्याकडे होतं आणि ती हसत होती. हसायला सांगितल्याचं ती केव्हाच विसरली होती.

पुढचं सगळं तिने मनसोक्त केलं, चारही कोपऱ्यांत. फलकावर आकडा आला आणि त्याखाली क्रमांक: पाच. आधी धाकटा ओरडला, मग सगळं सभागृह. मामा खाली बसला, तो चुकून सोफ्यावर बसला आणि त्याला कुणी उठवलं नाही.

बाहेर गाडीचं दार उघडलेलं होतं. एवढा गजर ऐकून पाहुणे थबकले आणि आत काय झालं म्हणून विचारलं.

"तुमच्यासाठी आहे, साहेब," सरचिटणीस म्हणाले. "लोकांना राहवत नाही."

पाहुण्यांना ते पटलं. त्यांनी बंद दाराकडे वळून एक हात उंच केला. आत टाळ्या थांबेनात, त्यामुळे त्यांना हात खाली घेता येईना, आणि तिकडे पुलावर लोक फीत धरून उभे होते.