गळ्यापाशी थांबलेला वस्तरा

मित्रांनो, मी केशकर्तनालयातली म्हातारी खुर्ची. बूड लोखंडाचे, गादी चामड्याची, मान टेकायला मागे उशी. मला गरगर फिरता येते, याचा तरुणपणी मला भारी तोरा होता.

माझे मालक सीमेपलीकडून आलेले. रंग वेगळा, बोलण्याचा हेलही वेगळा. पण हात इतका हलका की रडवी पोरे कात्रीखाली पेंगू लागत. सारी गल्ली त्यांना मामा म्हणे.

मग कुठल्याशा शहरात एका परक्याने खून केल्याची बातमी आली. ती खोटी निघाली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. मामांचा 'तो बाहेरचा' झाला. एका सकाळी दगड आला आणि आरशाच्या काचा माझ्या मांडीवर पडल्या.

सरकारी साहेब आले. गोड बोलले. 'भेदभाव हा गुन्हा आहे' असा कागदी फलक भिंतीला चिकटवला, त्याच्याशेजारी मामांना उभे करून फोटो काढला आणि निघताना म्हणाले, "काही दिवस दुकान बंद ठेवा. तुमच्याच सुरक्षेसाठी."

मामांची लेक फणफणली. "दगड त्यांनी मारायचा आणि कोंडून आम्ही घ्यायचं? हा कुठला न्याय, साहेब?"

साहेबांनी फलकाचा सुटलेला कोपरा दाबून बसवला.

मामांनी दुकान उघडेच ठेवले. गिऱ्हाईक मात्र फिरकेना. मामा रोज माझी धूळ पुसत आणि मग स्वतःच माझ्यात बसून रस्त्याकडे बघत राहत.

एके दिवशी शेजारचे पाववाले आजोबा आले. वर्षानुवर्षे दाढी इथेच करणारे. पण गडबड झाल्यापासून तेही रस्त्याच्या पलीकडून जात. ते बसले. मामांनी फेस लावला. वस्तरा उघडताच आजोबांनी माझे हात घट्ट आवळले. मला कळले. मामांनाही कळले.

"भीती वाटते, आजोबा?"

"वाटते," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "आणि त्याचीच लाज वाटते, म्हणून आलो. करा दाढी, मामा."

मामांनी वस्तरा गळ्यापाशी नेला. आणि कधी नव्हे तो त्यांचा हात तिथेच थांबला.

"नाही जमणार," ते हळूच म्हणाले. "जरासं कापलं, रक्ताचा एक थेंब जरी आला, तरी उद्या लोक काय म्हणतील? आता मलाच तुमच्या गळ्याची भीती वाटते."

त्यांनी वस्तरा मिटला आणि ओल्या रुमालाने आजोबांचा फेस पुसून काढला.

पुढे दगड मारणारे सापडले, त्यांना शिक्षाही झाली. सरकारने नवा आरसा बसवून दिला. गिऱ्हाइके परतली, पुन्हा 'मामा, मामा' सुरू झाले. पण मामा आता फक्त केस कापतात. कुणी दाढीचे नाव काढले, तर हसून पलीकडच्या गल्लीतले दुकान दाखवतात.

मित्रांनो, माझे चामडे फाटले तर ठिगळ लावता येते, कुरकुरले तर तेल घालता येते. हातात शिरलेली भीती कशी काढायची, ते मला ठाऊक नाही. म्हणून एवढेच मागते. तुमच्या गल्लीत कुणाचे दुकान एकाएकी ओस पडले, तर सरकारी फलकाची वाट पाहू नका. आत या, बसा, बोला. आणि लवकर या.